बोरीबंदर ते बुटीबोरी

मी मुंबई सोडून बुटीबोरीला राहायला गेल्याचे कळले, तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काही संकट आले काय?" संकटावाचून माणूस मुंबई सोडतो, हे त्यांना पटणेच शक्य नव्हते.

संकट कसले! मी फक्त एकदा हिशेब मांडला. डोंबिवलीहून बोरीबंदरला जाण्यायेण्यात माझे रोज अडीच तास जात. कामाचे दिवस ३०० धरले, तर वर्षाचे ७५० तास झाले. म्हणजे ३१ दिवस! २२ वर्षांच्या नोकरीत जवळजवळ दोन वर्षे मी लोकलच्या कडीला लोंबकळत होतो. म्हणून नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरच्या या औद्योगिक वसाहतीत काम मिळताच मी निघालो. बोरीबंदर सुटले, पण बोरी काही सुटली नाही!

डोंबिवलीची एक खोली आणि स्वयंपाकघर विकून इथे तीन खोल्या झाल्या, पुढे अंगण झाले, आणि वर थोडी शिल्लकही उरली. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि कूलरमध्ये दिवसभर पाणी भरावे लागते, एवढीच काय ती तक्रार. मी मोठ्या ऐटीत स्नेह्यांना पत्रे धाडली.

मग एका रात्री आईच्या छातीत दुखू लागले. डोंबिवलीत इस्पितळ तीन इमारती पलीकडे होते. इथे गाठायचे होते नागपूर. मी गोंधळून उभा असताना शेजारचे भाऊ गाडी काढून दारात आले. "आजीले मागं बसवा. मी आहो ना!" ट्रकांच्या रांगांतून वाट काढीत आम्ही पोचलो. त्या पाऊण तासात माझा सारा हिशेब चुकल्यासारखा वाटला. आई वाचली. भाऊ सकाळपर्यंत बाकावर बसून होते. डोंबिवलीचा शेजारीही धावून आला असता, यात शंका नाही. पण पहाटेच्या लोकलने त्याला ओढून नेले असते.

तेव्हापासून मला एक उमगले आहे. मुंबईत मी भाडे वेळेने भरीत होतो, इथे ते अंतराने भरतो. फुकट कुठेच राहता येत नाही.

आणि गंमत पाहा! यंदा आमची कन्या बारावी झाली आणि म्हणाली, "बाबा, मला मुंबईलाच शिकायचंय." घर विकून उरलेली शिल्लक तिच्या वसतिगृहाच्या खोलीत चालली आहे. माझे वडील कोकणातून मुंबईला गेले, मी मुंबईहून इकडे आलो, लेक पुन्हा तिकडे निघाली. नागपुरापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हा मुंबई जवळ आली म्हणून मी आनंदलो होतो. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते!

दिवाळीला ती घरी आली. पहिल्या दिवशी अंगणात पणत्या लावताना म्हणाली, "बाबा, किती शांत आहे हो इथं!" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "किती शांत आहे इथं!" शब्द तेच, पण सूर निराळा.

मी काहीच बोललो नाही. अंबिया बहाराची संत्री बाजारात आली होती. त्यांतली डझनभर निवडून तिच्या पिशवीत भरली. वर हिने चिवड्याचा डबा ठेवला. पिशवी बरीच जड झाली. "लोकलमध्ये कशी नेऊ मी हे?" लेक म्हणाली.

२२ वर्षांचा अनुभव गाठीशी होता. मी तिला शिकवायला बसलो.