आधी परवानगी, मग नोटीस

टोरांटोत घरमालक किरायेदाराला स्वतःच्या हातानं बाहेर काढू शकत नाही. कुलूप बदलता येत नाही, सामान रस्त्यावर ठेवता येत नाही. किराया थकला तर ठरलेल्या नमुन्यात नोटीस द्यायची. मुदतीत बाकी भरली की नोटीस रद्द. नाही भरली तर प्रकरण ओंटारिओच्या घरमालक-भाडेकरू मंडळापुढं जातं. तिथं दोघांची तयारी असेल तर निकालाआधी मंडळाचाच मध्यस्थ त्यांच्यात बोलणं घडवतो. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाचं असंच झालं. बाप बेकार झाला, किराया तुंबला. तडजोड ठरली, चालू किराया वेळेवर आणि मागचा दरमहा थोडा थोडा. घर राहिलं, मुलीची शाळा सुटली नाही.

इथल्या मराठी मित्रांना याचं फार अप्रूप वाटतं. पण मी चंद्रपूरचा. जटपुरा गेटाजवळ आम्ही किरायानं राहत होतो, आणि विदर्भात तेव्हा 1949 चा सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश चालू होता. त्याच्या तेराव्या कलमानुसार करार संपवण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. कारण दाखवावं लागे: किराया थकलाय, नेहमीच थकतो, पोटभाडेकरू ठेवलाय, घराची स्वतःला खरी गरज आहे. किरायेदाराचं म्हणणं ऐकलं जाई. परवानगी मिळाली तरी ताब्यासाठी पुढं दिवाणी कोर्ट होतंच. मुंबई-पुण्याच्या कायद्यात ही पहिली पायरी नव्हती, ती आमच्याकडची.

या दुहेरी वाटेनं खटले वर्षानुवर्षं रखडत. एकाच खोलीच्या किरायावर जगणारी म्हातारी माणसं त्यात भरडली गेली, हे मी पाहिलंय. टोरांटोतही सुनावणीची तारीख मिळायला महिने जातात आणि छोटे घरमालक मेटाकुटीला येतात. त्यावर उपाय म्हणजे जास्त माणसं नेमून लवकर ऐकणं. आपण मात्र ती पायरीच काढली. 31 मार्च 2000 ला 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि जुना आदेश गेला. नव्या कायद्यात संरक्षण नाही असं नाही. थकबाकीच्या दाव्याआधी 90 दिवसांची नोटीस हवी. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत बाकी, 15 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरला तर घर वाचतं. पण अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, आणि आज बहुतेक जण तसेच राहतात.

त्याहून वाईट स्थिती कागदच नसलेल्यांची. जिवतीहून चंद्रपूरला, एटापल्ली-भामरागडहून गडचिरोलीला मुलं-मुली शिकायला येतात. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हापासून गडचिरोलीत खोल्यांची मागणी वाढलीच आहे. खोली ओळखीनं मिळते, पैसे हातात दिले जातात, आणि एखाद्या संध्याकाळी कानावर येतं, ‘उद्या रूम खाली कर.’ पेपर चार दिवसांवर आलेला असतो. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी 1999 च्या कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. लेखी करार नसेल तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे खोली सोडायला निघालेल्या पोरीला कोणी सांगितलेलं नसतं.

तिच्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दोन्ही जिल्ह्यांत आहे. कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. दावा दाखल होण्याआधीच भांडण लोकअदालतीत नेता येतं, आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकुमाइतकी पक्की असते. तिच्यावर अपील नाही. प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांनी कॉलेजं सुरू होतानाच वसतिगृहांत, खोल्यांच्या गल्ल्यांत जाऊन हे सांगावं. घरमालकांनाही सोबत बसवावं, कारण थकलेला किराया वसूल व्हायचा तोही हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे. आणि तडजोडीच्या कागदात पहिली अट एवढीच असावी, की परीक्षा संपेपर्यंत खोली खाली करायला लावायची नाही.