परवाना कुणाच्या नावावर?

शिकागोतल्या जुन्या तीनमजली विटांच्या इमारती समोरून खानदानी दिसतात, पण खरा संसार मागे, गल्लीच्या बाजूला चालतो. तिथे प्रत्येक मजल्याला लाकडी पोर्च आणि ते जोडणारा लाकडी जिना. कचऱ्याच्या पिशव्या, सायकली, उन्हाळ्यातलं बार्बेक्यू, थंडी पडायच्या आत घरात घ्यायची तुळस, सगळं तिथेच. बर्फ आणि ओल सोसून लाकूड कुजतं आणि कधीतरी पोर्च नवा बांधावा लागतो. आमच्या तीन बिऱ्हाडांवर यंदा ती वेळ आली.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात विषय काढला तर जेवणाच्या रांगेतच चार कॉन्ट्रॅक्टरची नावं मिळाली. ‘आमचं किचन काय झकास केलंय त्यानं!’ किचन झकास झालंय हे कुणालाही दिसतं. पोर्चचा खांब कशावर उभा आहे आणि तुळई भिंतीला कशी जोडलीय, हे कोण बघतं? २९ जून २००३ रोजी लिंकन पार्क भागात पार्टी चालू असताना असाच एक पोर्च कोसळला आणि १३ जण मेले. तो १९९८ मध्ये परवाना न काढताच बांधला होता, हे नंतर बाहेर आलं. त्या पार्टीला आलेल्यांनी परवाना विचारायचं काही कारणच नव्हतं. तो विचारायला हवा होता काम देताना.

इलिनॉय राज्य छपरवाल्यांना आणि प्लंबरना लायसन्स देतं, पण जनरल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स शिकागो महापालिकेचा इमारत विभाग देतो. ते कामाच्या रकमेप्रमाणे ‘ए’ ते ‘ई’ अशा वर्गांत असतं. लायसन्स चालू आहे की नाही, हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण लायसन्स म्हणजे काम करायची मुभा. काम कसं केलंय, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी परवान्यांची नोंद बघावी लागते. महापालिकेच्या डेटा पोर्टलवर २००६ पासूनचे बांधकाम परवाने सगळ्यांसाठी खुले आहेत. पत्ता, कामाचं वर्णन, सांगितलेला खर्च, तारीख, कॉन्ट्रॅक्टरचं नाव, सगळं असतं. खर्चाच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, तो अर्जात लिहिलेला आकडा असतो. इमारत विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता घालून तपासणीच्या आणि उल्लंघनाच्या नोंदीही बघता येतात. परवाना निघाला म्हणजे काम तपासणीत पास झालं असं नाही, म्हणून दोन्ही बघायचं.

पण विनापरवाना केलेलं काम यादीत दिसणार कसं? माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. म्हणून मी उलटीकडून जाते. कॉन्ट्रॅक्टरलाच विचारायचं, ‘तुम्ही बांधलेल्या दोन-तीन पोर्चचे पत्ते द्या.’ फोटो सगळेच दाखवतात, पत्ता द्यायला मात्र जीभ अडखळते. मग तो पत्ता शोधायचा. पोर्च उभा आहे आणि परवाना नाही, तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही. परवाना भलत्याच कंपनीच्या नावावर असेल, तर त्या कंपनीचं काय झालं ते विचारायचं. जुनी कंपनी गुंडाळून नव्या पाटीखाली तोच धंदा करणारे इथेही आहेत.

मंडळातले एक काका म्हणाले, ‘अगं, माणूस बघावा. कागद काय बघत बसतेस?’ काकांचं अगदीच चूक नाही, पण माणूस पहिल्या भेटीत नेहमी छानच असतो.

एका गोड बोलणाऱ्यानं आम्हाला सुचवलं की परवाना तुम्हीच तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल. मी लगेच नाही म्हटलं. तसं केलं की उद्या काही झालं तर महापालिका आमचं दार ठोठावणार, आणि याच्या नावाची नोंद कोरीच राहणार. आपल्या इतिहासात एक ओळ वाढू नये असं वाटणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा इतिहास मला नकोच.

दुसऱ्या एकानं ‘करार कशाला, विश्वास ठेवा’ म्हटलं. इथल्या कायद्यानं १,००० डॉलरवरच्या घरदुरुस्तीला लेखी करार लागतो, एवढंच त्याला सांगितलं. शिवाय त्यानं पोटकंत्राटदाराचे किंवा लाकूडवाल्याचे पैसे बुडवले, तर ते आमच्या घरावर बोजा चढवू शकतात. म्हणून पैसे देण्याआधी कुणाचं किती देणं आहे याचं शपथेवरचं निवेदन मागायचं. हे ऐकून तो जिन्यावरूनच परत गेला.

शेवटी ज्याला काम दिलं, त्याची नोंद वाचायला अगदी कंटाळवाणी आहे. पोर्च, पोर्च, जिना, पोर्च. प्रत्येकाला परवाना, प्रत्येकाची तपासणी. भाव मात्र सगळ्यांत जास्त. खालच्या मजल्यावरचे शेजारी अजून त्यावरून कुरकुरतात. सध्या मागे खांबांसाठी खड्डे खणलेत, ४२ इंच खोल. इथली जमीन हिवाळ्यात तिथपर्यंत गोठते असं धरतात. इन्स्पेक्टरनं खड्डे बघेपर्यंत काँक्रीट ओतायचं नाही, असं कॉन्ट्रॅक्टरनं बजावलंय, त्यामुळे कचरा पुढच्या दारानं न्यावा लागतोय.