रक्षकांचें ऋण

कृतज्ञता हा शब्द फार झिजला आहे. सभेच्या शेवटीं आभार मानतांना तो उच्चारला जातो आणि सतरंज्या गुंडाळतांच विसरला जातो. परंतु ‘केलेलें जाणणें’ हा त्याचा मूळ अर्थ ध्यानांत घेतला म्हणजे हा गुण किती कठिण आहे तें कळतें. कारण आपल्यासाठीं कोणीं काय केलें, हेंच बहुधा आपणांस ठाऊक नसतें.

इ. स. २००८ च्या नोव्हेंबरची २६ तारीख वाचकांच्या स्मरणांत असेलच. आम्ही त्या वेळीं सांगलीस शिक्षक होतों. रात्रीं जेवणें आटोपलीं असतां मुंबईंत गोळीबार झाल्याची वार्ता आली. आमचे धाकटे बंधु कोटांतील एका कचेरींत असून रोज छत्रपति शिवाजी टर्मिनसवरून गाडी धरीत. त्यांचा फोन लागेना. मातोश्री देवापुढें बसल्या त्या उठेनात. उत्तररात्रीं निरोप आला कीं, बंधु कचेरींतच सुखरूप आहेत. आमच्या घराचा जीव भांड्यांत पडला. पण त्या संकटांत १६६ माणसें गेलीं, आणि तितक्या घरीं असा निरोप कधींच आला नाहीं.

पुढें दोन नांवें ऐकून आमच्या भागांत हळहळ झाली. कामा रुग्णालयाजवळ करकरे व साळसकर यांच्यासह पडलेले अशोक कामटे एके काळीं सांगलीचे पोलिस अधीक्षक होते. दुसरे तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्याच्या केडंबे गांवचे. सैन्यांत नोकरी करून ते १९९१ सालीं मुंबई पोलिसांत शिरले होते. गिरगांव चौपाटीवर हातांत केवळ लाठी असतां त्यांनीं हल्लेखोराच्या बंदुकीची नळी धरली आणि अंगावर गोळ्या घेऊनही ती सोडली नाहीं. म्हणूनच तो जिवंत सांपडला व कटाचा पुरावा जगापुढें आला. या दोघांसही २००९ सालीं मरणोत्तर अशोकचक्र मिळालें.

नौदलाचे व राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान तर दूरदूरचे. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमहाल हॉटेलांत, हवालदार गजेंद्रसिंग नरिमन हाउसमध्यें कामास आले. ज्यांस सोडवावयाचें त्यांचीं नांवेंही त्यांस ठाऊक नव्हतीं. २९ तारखेच्या सकाळीं हें पर्व संपलें.

आमचा एक विद्यार्थी खटाव तालुक्यांतला. रामाची विभक्ति त्याला शेवटपर्यंत साधली नाहीं. तो सैन्यांत गेला. एकदां रजेवर भेटीस आला असतां, सीमेवर तुम्ही करतां तरी काय, असें आम्हीं विचारलें. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही घरीं बिनघोर निजतां ना, तेंच आमचं काम.” कृतज्ञतेची याहून चांगली टीका आमच्या वाचनांत नाहीं.

आपल्या सुशिक्षित घरांतील मुलें इंजिनियर होतात, परदेशीं जातात. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु रक्षणाचा भार थोड्या गांवांवर फार पडतो, हें विसरूं नये. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जण एकट्या पहिल्या महायुद्धांत पडले. गांवाच्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हें उपपद लागलें तें उगीच नव्हे.

देव, ऋषि व पितर यांचीं तीन ऋणें आपण लहानपणापासून ऐकतों. शतपथ ब्राह्मणांत चौथें मनुष्यऋणही सांगितलें असून तें आसरा व अन्न देऊन फेडावें असें म्हटलें आहे. सैनिकाचें ऋणही याच मार्गानें थोडें हलकें होईल. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनीं निधीस यथाशक्ति द्यावें, हें तर झालेंच. त्याहून, गांवीं राहिलेल्या त्याच्या वृद्ध मातापित्यांचे सरकारी कागद लिहून द्यावे, त्याच्या मुलांस आपल्या मुलांबरोबर अभ्यासास बसवावें. आमच्या पडवींत सध्यां अशीं दोन मुलें येतात. अभ्यास झाल्यावर सूनबाई त्यांस जेवूं घालतात, आणि त्यांचे वडील पुढच्या रजेंत केव्हां येणार याची चौकशी आतां आमच्या घरांतही होऊं लागली आहे.