परत येण्याचे कागद
(प्रवासाची दैनंदिनी : भाग दुसरा)

सोमवार, मुरबे

गणपती उरकले आणि बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. बाबाही गेले. निरोप काल रात्रीच घेतला. कोर्स सुरू व्हायच्या तीस दिवसांहून आधी विद्यार्थ्याला अमेरिकेत शिरता येत नाही. कुपर्टिनोचं डी आन्झा कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी उघडतं, म्हणून मोदक तरी मिळाले.

बॅगेपेक्षा फाइलचीच काळजी जास्त. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आला की 'ही कायमची राहायला निघालीय' असं धरूनच तिकडचा कायदा सुरुवात करतो. ते खोटं पाडायचं काम आपलं. म्हणून जो तो सांगत होता, घर दाखव, जमीन दाखव. कोळीवाड्यातल्या आमच्या घराला सातबारा कुठला? ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आहे, तोही आजोबांच्या नावे. शिवाय बोटीची नोंदणी. एवढीच इस्टेट. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतल्या अधिकारी बाईंनी यातला एकही कागद मागितला नाही. विचारलं एवढंच, की युनिव्हर्सिटी सोडून कम्युनिटी कॉलेज का?

मी खरं तेच सांगितलं. पहिली दोन वर्षं स्वस्तात होतात आणि ठरलेले गुण मिळवले तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा कॅम्पसपैकी एकात तिसऱ्या वर्षाला हमखास प्रवेश मिळतो. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्या सहांत नाहीत, हेही सांगून टाकलं. बहुधा तेच पटलं.

पैशांचं म्हणाल तर 2021 च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्याच एका बोटीला 157 घोळ मासे मिळाले आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली. घोळीच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्याचा भाव. तेव्हापासून मोठ्या खर्चाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'एक खेप घोळीची लागू दे.' आम्हाला घोळ लागली नाही, बँकेचं कर्ज लागलं.

संध्याकाळी मावशी आली. म्हणाली, "ये गं बाय परत. पण तोवर दर्या आपला राहील ना?" वाढवणला 76 हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी 2024 मध्ये झाली. आता मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे आणि गावाचा त्याला विरोध. मी परत येणार हे अमेरिकेला पटवून झालं. मावशीला काय सांगू, ते फाइलमध्ये नव्हतं.

मंगळवार

खारेकुरणचा पूल, पालघर, मनोर, हायवे. वसईपाशी नेहमीचा ट्रॅफिक. विमानतळावर आई रडली नाही, बॅगेचं वजन पुन्हापुन्हा विचारत राहिली.

बुधवार, सॅन फ्रान्सिस्को

बुधवारी पहाटे उडालेलं विमान बुधवारीच उतरलं. घड्याळ साडेबारा तास मागे. कस्टमच्या प्रश्नाला 'खायचं सामान आहे' म्हटलं, मग बॅग उघडावी लागली. आईने सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळले होते, तरी वासाने आपली ओळख करून दिलीच. अधिकारी एक पाऊल मागे सरला. "फिश?" "फिश." मटण असतं तर गेलंच असतं, पण खाण्यापुरती मासळी इथे चालते. बॅग त्याने स्वतःच घाईघाईने बंद केली.

गुरुवार, कुपर्टिनो

गावात 'दोन वर्षांचं कॉलेज' म्हटलं की लोकांना आयटीआय आठवायचं आणि मला राग यायचा. इथे गाड्या दुरुस्तीचे वर्ग आणि कॅल्क्युलसचे वर्ग एकाच आवारात पाहिले. म्हणजे लोक अगदीच चुकत नव्हते. वय अठरा पूर्ण असलं की स्थानिक माणसाला दार उघडं, मार्कांची अट नाही. रांगेत माझ्यापुढे साठीच्या बाई होत्या. त्यांना एका युनिटला 31 डॉलर, मला त्याच्या कितीतरी पट. त्यात टर्मला निदान बारा युनिटं घ्यायलाच हवीत, नाहीतर व्हिसा धोक्यात. नोकरी फक्त कॉलेजच्या आवारात, आठवड्याला वीस तास. समुपदेशकाने विषय विचारला. मी अकाउंटिंग सांगितलं.

रात्री बाबांचा फोन आला. बोट लागली होती, पापलेट बेताचंच. "खोली मिळाली का बाय?"

कॉलेजच्या आवारात हॉस्टेल नाही, तेव्हा उद्या खोल्या बघायच्यात. सगळ्यात कमी भाड्याची जागा म्हणजे गॅरेजमध्ये पार्टिशन घालून केलेली. अट एकच, मासे शिजवायचे नाहीत. सुक्या बोंबलांना ती लागू होते का, विचारून बघते.