साखळीची फेरी : जुन्या गाडीचे नवे दार

बेळगावहून निघून चोर्ल्याचा घाट उतरावा, केरी मागे टाकावी, की अंगावरचा गारवा सरतो आणि थोड्याच वेळात वाळवंटी नदीकाठची साखळी येते. हरवळ्याचा धबधबा, तेथला रुद्रेश्वर आणि १८८२ साली उभे राहिलेले दत्तमंदिर यांच्या ओढीने प्रवासी इकडे वळतात. आमची या खेपेची वारी मात्र एका पत्रेकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या शेडपर्यंतच होती.

तेथे आमच्या वडिलांची विलीज पिकअप उभी होती. १९६० साली आई नवी नवरी म्हणून केरीहून साखळीस आली ती या गाडीतून. पुढे अनेक वर्षे नारळ, काजू आणि बाजारचा माल तिने वाहिला. वडील गेल्यावर ती मांगरात पडून राहिली. गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला क्षमा करीत नाही. दाराचा खालचा भाग, पायरी, हौद्याची तळफळी सारे गंजून चाळणी झाले होते. थोरले बंधू म्हणत, भंगारात द्यावी. आईने एवढेच म्हटले, "दत्तजयंतीला एकदा तिच्यातून देवळात नेऊन आणा; मग काय हवे ते करा."

या गाडीचे घडण मोठे मौजेचे आहे. महायुद्ध संपल्यावर विलीज कारखान्यापाशी मोटारींचे खोलगट पत्रे दाबून देणारी यंत्रे नव्हती. म्हणून ब्रुक्स स्टीव्हन्स या आराखडाकाराने घरगुती उपकरणांचे पत्रे बनविणाऱ्यांना जमेल असाच उथळ, सरळसोट आकार योजला. तोच चेहरा घेऊन पिकअप १९४७ पासून १९६५ पर्यंत निघत राहिली. जगात आजही जुन्या जीपगाड्यांचे नवे पत्रे तयार होतात. फिलिपाईन्समध्ये आणि आपल्याकडे हरियाणातील मंडी डबवालीत हा धंदा नावाजलेला आहे. आम्हीही दोन दारे, मडगार्ड आणि पायऱ्या मागविल्या आणि आता चार बोल्ट आवळले की झाले, अशा समजुतीत राहिलो.

मिस्त्रींनी नव्या दाराला रंगाचा हात लावू दिला नाही. "आधी कोरडे बसवून पळोवया," ते म्हणाले. दार बिजागरीवर चढले, पण मिटेना. वर बोटभर फट, खाली पत्र्याला पत्रा घासत होता. आम्ही पत्रा पाठविणाऱ्याला दोष देऊ लागलो. मिस्त्री काही न बोलता सुतळी घेऊन दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजू लागले. त्यांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक निघाला.

"बाब, दार कारखान्यातल्या गाडीच्या मापाचे आहे. तुमची गाडी साठ वर्षे साखळीत राहिली. तिचे माप आता तिचेच."

केबिनखालचे रबरी गुटके चेपले होते; ते बदलले, दोन ठिकाणी वायसर सारले आणि चौकट बरीचशी सरळ झाली. मग आधी दारे, त्यांच्या रेषेला मडगार्ड आणि शेवटी बॉनेट, असा क्रम. सगळे बोल्ट सैल ठेवून फटी सारख्या झाल्यावरच आवळायचे. वेल्डिंगचे टाकेही सलग नाहीत. एक इकडे, एक तिकडे, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा घेतो. आतल्या बाजूस जस्ताचा हात आणि दाराच्या तळाला पाणी निथळण्याची भोके, यांवाचून नवा पत्राही दोन पावसाळ्यांत जुना होतो.

हा हात त्यांना लाभला तो खाणींच्या ट्रकांवर. खनिजाने हौदे फाटत आणि शेडमध्ये रात्रीही ठोकाठोकी चाले. २०१२ साली खाणी थांबल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. त्यांच्या हाताखालची मुले एकेक करून दुसरीकडे गेली. मिस्त्री हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. हातोडी चालूच होती.

आईच्या बाजूचे दार मात्र अखेरपर्यंत नीट बसेना. तेव्हा मिस्त्रींनी आमचे टाकून दिलेले जुने दार कोपऱ्यातून काढले. वरचा भाग शाबूत होता. त्यांनी नव्या, महागड्या दाराचा खालचा वीतभर पत्रा कापला आणि जुन्याला जोडला. आमच्या जिवाची घालमेल झाली खरी. पण ते दार चौकटीत असे बसले, जणू कधी निघालेच नव्हते.

दत्तजयंतीच्या सकाळी आईला आधार देऊन गाडीत बसविले. तिला हल्ली अंधूकच दिसते. नवा रंग तिने पाहिला की नाही कोण जाणे. दार मिटले. त्या ठोक्यासरशी तिने मान वळविली आणि म्हणाली, "हो, हीच ती."

परतताना बंधूंनी भंगाराचा विषय काढला नाही. त्यांनी मिस्त्रींना विचारले ते हौद्याच्या तळफळीचे काम कधी हाती घेता, एवढेच.