शिफ्ट संपली, कुलूप लागलं!

नोकरी करणाऱ्या बाईला पूर्वी एक सुख होतं. ऑफिसचं दार बंद झालं, की ऑफिस तिथंच राहायचं. आम्ही शिक्षिका वह्यांचे गठ्ठे घरी आणतो हे खरं. पण त्या वह्या काही रात्री दोन वाजता आपल्याला हाक मारत नाहीत. हल्ली मात्र कितीतरी जणींचं ऑफिसच घरात येऊन बसलंय. मग ते बंद कधी करायचं आणि कुणी करायचं, हा प्रश्न आलाच!

आमची पाचगणी शाळांचं गाव. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर दिवे मालवायचे, हे इथल्या वसतिगृहांतल्या मुलांच्या अगदी अंगवळणी पडलेलं. मीसुद्धा सकाळचे तीन-चार तास शिकवते आणि घंटा झाली की पिशवी उचलते. माझ्या धाकट्या जावेच्या कामाला मात्र अशी घंटा नव्हती.

ती पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये होती. पूर्वी हे काम घरून करायचं म्हटलं, तर कंपन्यांना दूरसंचार खात्याच्या नाना अटी असत. २०२० साली करोनात त्या सैल झाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवे नियम आले आणि घरून काम करायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून आमच्या माडीवरची खोली हेच तिचं ऑफिस. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले, की हिचं काम सुरू. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. ऐन दिवेलागणीची, स्वयंपाकाची वेळ!

सासूबाईंना वाटे, घरीच तर बसलीय. पण घरी बसून तिचे तास वाढतच गेले. "पंधरा मिनिटं आधी बसत जा, संगणक सुरू व्हायला वेळ लागतो," असं वरच्यांनी सांगितलं. शिफ्ट संपल्यावर 'पाचच मिनिटं' म्हणून बैठक, ती पहाटे अर्धा-पाऊण तास चाले. या जादा वेळाचा पैसा कुठला? मिळायचा तो फक्त शिफ्टचा पगार. रोजची पंधरा मिनिटं म्हणजे चोवीस दिवसांचे सहा तास होतात, हा हिशेब मी तिला भाजीच्या वहीत मांडून दाखवला, तेव्हा ती नुसती बघतच राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांच्या दाव्यात, संगणक सुरू करण्यात जाणारा वेळ हा कामाचाच भाग मानला. ज्यांच्या तक्रारी आपल्या मुली ऐकतात, त्यांच्या देशात हे मान्य झालं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

मग गेल्या वर्षी तिच्या कंपनीनं वेळेचं कुलूप आणलं. म्हणजे काय, तर प्रत्येकीचं नाव, तिचा पासवर्ड आणि तिच्या शिफ्टची वेळ कंपनीच्या मुख्य संगणकात नोंदवलेली. त्या वेळेआधी पासवर्ड बरोबर घातला तरी दार उघडत नाही. वेळ संपली, की थोडी सवलत देऊन बंद. भलत्या वेळी कुणी उघडायला गेलं, तर त्याची नोंद होते.

कंपनीनं हे केलं ते काही आपल्या पोरींच्या झोपेसाठी नव्हे. गिऱ्हाइकांची माहिती हे तिथलं सोनं. २००५ साली पुण्यातलंच प्रकरण गाजलं होतं. एका कॉल सेंटरमधल्या काही आजीमाजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या खातेदारांकडून गोड बोलून गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर परस्पर वळवले. तोंडून काढून घेतलेला क्रमांक वेळेच्या कुलपानं अडला नसता, हेही खरं. पण नोकरी सोडून गेलेल्याच्या किंवा रजेवर असलेल्याच्या नावानं कुणी अपरात्री माहिती उघडू पाहील, तर हे कुलूप त्याला अडवतं. आणि प्रामाणिक मुलीवर उगाच आळ येत नाही, हा तिचाही फायदाच.

पण कुलूप लावणारा घड्याळ बघायला विसरला तर? अमेरिकेत मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात. या मार्चमध्ये त्यानंतरच्या सोमवारी ही साडेसहाला हजर; पण कुलपात जुनीच वेळ. साडेसातपर्यंत दार उघडेना. बिचारी खाली येईना, चहा घेईना, पडद्याकडे बघत बसलेली. महिनाअखेर पगारातून तो तास कापला! तिनं मात्र शहाणपणा केला होता. बंद पडद्याचा फोनवर फोटो काढला होता आणि वरच्यांना तेव्हाच कळवलं होतं. ते दाखवल्यावर पुढच्या महिन्यात पैसे परत आले.

आता खरी गोम सांगते. संगणकाला कुलूप लागलं, फोनला नाही. पहाटेची बैठक बंद झाली, पण व्हॉट्सअॅपवर निरोप सुरू झाले. "उद्यासाठी एवढं वाचून ठेव," "त्या गिऱ्हाइकाचं काय झालं?" भर दुपारी, ती झोपलेली असताना! वर गंमत अशी, की कंपनीच्या नोंदीत तास अगदी चोख. रात्री काम करायला २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानं बायकांना परवानगी दिली, ती त्यांची संमती आणि सुरक्षिततेची सोय असेल तरच. ठरल्या तासांहून जास्त कामाला दुप्पट दरही सांगितला. पण जे काम नोंदीतच नाही, त्याचा दुप्पट दर मागायचा कशाच्या जोरावर?

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा, म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशासकीय विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये मात्र २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात.

कायदा होईल तेव्हा होईल. घरचं कुलूप तर आपल्या हातात आहे! आम्ही ठरवलं, सकाळी नऊ ते दुपारी तीन माडीवर कुणी हाक मारायची नाही. तिची लेक तेवढा वेळ माझ्याकडे किंवा सासूबाईंकडे. पाहुणे आले तर चहा मी करते. तिचा फोन खाली फडताळात. पहिल्या आठवड्यात सासूबाई कुरकुरल्या. आता त्याच जिन्यावर धावणाऱ्या नातवंडांना दटावतात, "हळू, तिची रात्र चाललीय!"

ज्यांच्या घरी अशी नोकरी करणारी लेक, सून, नणंद असेल, त्यांना एवढंच सुचवते. नेमणूकपत्रात शिफ्टची वेळ आणि जादा कामाचा दर लिहिलाय का, ते बघा. रोज बसायची आणि उठायची वेळ एका वहीत टिपून ठेवायला सांगा. शिफ्टनंतर आलेले निरोप पुसू नका; हिशेबाला तेच उपयोगी पडतात. मार्च आणि नोव्हेंबरात वेळ बदलते, तेव्हा कुलपातली वेळ बदलली का, हे आदल्या आठवड्यातच विचारून घ्या. आणि हो, ती रात्रभर जागून पैसे आणते, तेव्हा तिची दुपार ही तिची मध्यरात्र आहे, एवढं घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगा. बाहेरच्या कुलपाची किल्ली कंपनीकडे असते. घरातल्या कुलपाची आपणच सांभाळायची.