हरवलेल्या बोलपटाचा शोध

जुन्या बोलपटांचे संग्राहक ज्या चित्रांच्या मागावर वर्षानुवर्षे असतात, त्यांत ‘कन्व्हेन्शन सिटी’ या अमेरिकन विनोदी बोलपटाचे नाव अग्रक्रमाने येते. आर्ची मेयो यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३३ च्या डिसेंबरात पडद्यावर आला. एका रबर कंपनीचे विक्रेते अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीत जमतात. तेथील मद्यपान, चावटपणा आणि बढतीसाठीची चढाओढ हा त्याचा विषय. जोन ब्लाँडेल, अ‍ॅडॉल्फ मेंजू अशी नामवंत मंडळी त्यात होती. आज त्याची एकही प्रत ज्ञात नाही. पटकथा आणि काही छायाचित्रे तेवढी उरली आहेत.

या कथेशी आम्हां कॅथलिकांचा जवळचा संबंध आहे. हॉलिवूडने १९३० साली स्वीकारलेल्या नीतिसंहितेचा मसुदा रचणारे फादर डॅनियल लॉर्ड हे येशूसंघीय धर्मगुरू होते. निर्माते ती संहिता मनावर घेईनात, तेव्हा अमेरिकेतील बिशपांनी ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही चळवळ उभारली आणि १९३४ मध्ये लक्षावधी भाविकांनी अनीतिपर चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेतली. त्याच वर्षी संहितेचा अंमल कडक झाला. असल्या चित्रांना पुन्हा पडदा मिळणे दुरापास्त झाले.

पुढे दंतकथा पसरली, की चित्र इतके अश्लील होते की मालकांनीच त्याच्या प्रती जाळविल्या. संग्राहकांची उत्कंठा वाढविली ती या दंतकथेने. न पाहिलेल्या चित्रातला प्रत्येक विनोद सरसच वाटतो! कंपनीच्या दप्तरातील नोंद मात्र साधी आहे: मूळ फीत १९४८ साली निकालात काढली गेली. त्या काळची नायट्रेटची फीत काळाच्या ओघात कुजते, आणि वेळीच नवी प्रत काढावी असे कोणालाही वाटले नाही.

ते चित्र सापडावे, असे आम्हांला मनापासून वाटते. आपल्या पूर्वसूरींची प्रतिज्ञा डोळे वळविण्याची होती. वस्तू नष्ट करण्याची नव्हे. त्यांचा आक्षेप रास्त होता की अतिरेकी, हे ठरविण्यासही ते चित्र हवे. न्याय करावयाचा तर पुरावा जपावा लागतो, आणि तो जपण्याचे कर्तव्य आक्षेप घेणाऱ्यांवर अधिक आहे, असे आम्ही मानतो.